पावन्याची घाई

'माझ्यावर विश्वास ठेवा' असं कुणी म्हटलं की मी त्या माणसाकडे आधी नीट बघून घेतो. ही सवय धंद्यानं लावली. चंद्रपूरकडच्या मूल गावातल्या एका राईस मिलसाठी धान विकत घेण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि धानाच्या पोत्याइतकी खोटारडी वस्तू जगात दुसरी नाही. वर टपोरा दाणा, मध्ये ओल, तळाशी पोचट. म्हणून पोत्याच्या कुशीत लोखंडी नळी खुपसायची, मधलं धान तळहातावर घ्यायचं, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि मगच तोंड उघडायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण ते शीत कुठून उचललं ते कुणी विचारत नाही. मी विचारतो. घरी दूध आलं की थेंब नखावर घेऊन बघतो, भाजीवाल्याचा काटा बोटानं हलवून बघतो. बायको म्हणते, मला बघायला आलात तेव्हा दात का नाही मोजले. मोजणार होतो, पण सासरे समोरून हललेच नाहीत.

या सवयीनं मला सगळ्यात जास्त छळलं ते गाण्यांच्या बाबतीत. मला सोल ऐकायचा नाद आहे. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. चर्चमध्ये देवासाठी जो गळा मोकळा केला, त्याच गळ्यानं प्रेमाचं, ताटातुटीचं आणि पोटातल्या रागाचं गायचं. त्यातले जुने नावाजलेले अल्बम आता पुन्हा पुन्हा छापून निघतात. त्यांना रीइश्यू म्हणतात. कव्हर तेच, गाणी तीच, तबकडी मात्र नवी. एकाच अल्बमचा एक रीइश्यू अमेरिकेतून येतो, एक युरोपातून, एक जपानातून, आणि तिन्हींचा आवाज तीन तऱ्हेचा असतो. कुणी जुन्या मूळ टेपवरून छापतं. कुणी सीडीवरूनच छापतं आणि वर 'मूळ टेपवरून' असं सोनेरी स्टिकर लावून मोकळं होतं. स्टिकर दिसलं की मला पोत्याच्या तोंडाशी ठेवलेला टपोरा दाणा आठवतो.

चंद्रपूरला माझा एक मित्र आहे, कॉलेजात भूगोल शिकवून रिटायर झालेला. तोही याच नादाचा. पुष्कळ वर्षं आमचे रविवार असे गेले की मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो, तो एकाच गाण्याचे वेगवेगळे रीइश्यू एकामागून एक लावायचा आणि मी नुसत्या कानानं सांगायचो, हा टेपवरचा, हा सीडीवरचा, याला उगाच चकाकी दिली आहे. मिलमध्ये तांदळाचे नमुने बशांत घालून, कोणता कुणाचा ते न सांगता आमच्यापुढे ठेवत, त्यातलाच प्रकार. चुकलो की तो चहा पाजायचा, बरोबर आलो तरी पाजायचा.

फक्त एक होतं. रेकॉर्डला तो कुणाला हात लावू देत नसे. स्वतःसुद्धा दोन तळव्यांच्या मध्ये कडेनं धरायचा, तबकडीच्या अंगाला बोट म्हणून लागायचं नाही. रेकॉर्ड धुवायचं एक मशीनच त्यानं घेऊन ठेवलं होतं. कुणाचा हात नुसता त्या दिशेला गेला तरी त्याचा हात मध्ये यायचा. मी त्याला म्हणायचो, आमच्या आजानं जी शिवाशिव सोसली ती आता मी तुझ्या घरी सोसतो. तो हसायचा आणि म्हणायचा की त्याच्या घरातला सगळा विटाळ त्यानं बंद केला, एवढा एकच उरला आहे.

सोलचा हा नाद मला घरातूनच लागला. माझं लहानपण नागभीडकडच्या एका गावात गेलं. बाबा तिथल्या शाळेत मास्तर होते. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या एका अंगाला, पुढं धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि बांध्या संपल्या की जंगल. वीज आलेली नव्हती. मी नुकताच शाळेत जायला लागलो होतो तेव्हा एक काळा अमेरिकन माणूस गावात आला. धर्म बदललेली माणसं कशी राहतात हे बघत तो फिरत होता. गावात थोडंफार इंग्रजी बाबांनाच यायचं, म्हणून तो आमच्याकडे उतरला. मांडी घालून भात खायचा, आंघोळीला आमच्याबरोबर बोडीवर यायचा आणि तळ्याच्या चिखलात घसरून पडला की आमच्यापेक्षा जोरात हसायचा. आईनं त्याच्या सगळ्या मुक्कामात त्याला एकच प्रश्न विचारला, तोही बाबांच्या मार्फत.

“त्याहिले इचारा, तिकडं त्याहिले पानी भरू देतेत का.”

बाबांनी विचारलं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, त्याच्या लहानपणी पिण्याच्या पाण्याचे नळ वेगळे होते, गोऱ्यांचे वेगळे आणि त्यांचे वेगळे. बाबांनी ते आईला सांगितलं. तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. तेव्हापासून तो तिचा पावना झाला. पाहुण्याला आमच्याकडे पावनाच म्हणतात.

जाताना त्यानं त्याचा सेलवर चालणारा रेकॉर्ड प्लेयर आणि एक रेकॉर्ड आमच्याकडे ठेवून दिली. प्लेयर म्हणजे हातात धरायला कडी असलेली छोटी पेटी. संध्याकाळी अंगणात ती पेटी लागायची आणि वस्तीतली माणसं भोवती बसायची. एका पुरुषाचा जड, खोल आवाज होता. एकेक शब्द सावकाश टाकत तो गायचा, दिवसभराचं काम उरकून अंगणात टेकल्यावर माणूस बोलतो तसा. शब्द कुणालाच कळत नव्हते. आईच्या लेखी तो पावनाच गात होता. बाबांनी तिला पुष्कळदा समजावलं की आपल्याकडे राहून गेला तो वेगळा आणि हा गाणारा वेगळा. ती म्हणायची, असू द्या. पुढं पेटी बिघडली. बाबा गेले. आम्ही मूलला आलो, आणि ती रेकॉर्ड ट्रंकेत आईच्या लुगड्यांच्या खाली राहिली. तिच्यावर बुरशी चढली होती, म्हणून माझ्या चांगल्या सुईखाली ती घालायची माझी हिंमत झाली नाही. त्या अल्बमचा रीइश्यूही मी कधी घेतला नव्हता, मित्राकडेही कधी लावू दिला नव्हता. घरात अस्सल असताना नक्कल कशाला, असा माझा ताठा.

मग आईचे कान जायला लागले. चंद्रपूरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की बारीक, उंच आवाज आधी जातात, जाड आवाज मागून जातात, आणि हे थांबवता येत नाही. कुकरची शिट्टी तिला ऐकू येईनाशी झालीच होती. नातींचं बोलणं तिला किलबिल वाटायचं. कानातलं मशीन तिनं थोडे दिवस लावलं आणि त्यात पाखरं ओरडतात म्हणून डब्यात ठेवून दिलं. स्वतःसाठी काही मागायची तिला सवय नाही. पण एका दुपारी शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, “पावन्याचं गानं एकडाव आयकव मले. मंग कान गेले तरी चालते.”

मी दुसऱ्याच दिवशी ट्रंक उघडली आणि रेकॉर्ड मित्राकडे धुवायला नेली. कव्हरवर कोपऱ्यात बाबांनी शाईनं केलेली सही अजून होती. मित्रानं तबकडी उजेडात धरली, कलती करून बघितली, आणि त्याचा चेहरा असा खुलला की मला ते तेव्हाच खटकलं. इतकी जुनी, पहिल्या छापणीची प्रत त्यानं उभ्या आयुष्यात हातात घेतली नव्हती म्हणे. आठवड्यानं त्यानं ती परत दिली. लखलखीत झाली होती.

घरी आईला स्पीकरजवळ खुर्ची दिली आणि रेकॉर्ड लावली. तिनं एक गाणं पूर्ण ऐकलं. मान थोडी तिरपी करून, आवाजाच्या बाजूला कान देऊन. मग तिनं मान हलवली.

“हा आपला पावना नाई,” ती म्हणाली. “हा घाई करून राह्यला.”

मी दुसरं गाणं लावलं, आवाज वाढवला. ती उठून आत गेली. वाईट याचं वाटलं की मलाही तेच वाटत होतं. हा गाणारा तरुण होता, हलका होता, शब्दामागं शब्द पळवत होता. आमच्या अंगणातला माणूस बेंबीच्या देठापासून गायचा, आणि हा गळ्यातून गात होता. शिवाय दुसऱ्या गाण्यात एका ठिकाणी टक् असा आवाज यायचा, तो लहानपणापासून माझ्या कानात होता. तो इथं नव्हता.

मी कव्हर हातात घेऊन बसलो. बाबांची सही तिथंच होती. पण सही कव्हरवर होती, तबकडीवर नव्हती. पोतं आमचंच आणि आतलं धान दुसऱ्याचं, असे प्रकार मी धंद्यात काय कमी बघितले होते. मित्राच्या कपाटात हाच अल्बम रीइश्यूमध्ये होता, हे मला माहीत होतं. त्याचं लेबल आमच्या लेबलसारखंच छापलेलं. त्यातच संध्याकाळी त्याचा फोन आला आणि मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, रेकॉर्ड ठीक वाटली ना? चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. टक् आवाजाचं विचारलं तर म्हणाला, खाचेत कचरा अडकला होता, धुताना निघाला. सगळ्याला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. ज्याच्याकडे सगळ्याला उत्तर तयार असतं त्याचं पोतं मी दोनदा तपासतो.

त्याला काही न सांगता मी त्या अल्बमचे तीन रीइश्यू मागवले. आमच्या तबकडीच्या जागी त्यानं यातलंच काहीतरी घातलं असणार आणि कानानं ते पकडायचं, असा माझा बेत होता. पार्सलं आली. बायकोला रेकॉर्ड बदलायला बसवलं आणि मी भिंतीकडे तोंड केलं. तिनं विचारलं, भिंत तरी विश्वासाची आहे ना.

अमेरिकेतून आलेली तबकडी वजनाला जड होती, आणि स्टिकरवर त्या वजनाचंच कौतुक होतं. आवाजही तसाच. खालचा बास इतका फुगवलेला की गाणारा वरातीतल्या डीजेच्या गाडीवर उभा राहून गातो आहे असं वाटावं. युरोपातली होती तिला पॉलिश जास्त झालं होतं. जुन्या टेपची सळसळ काढायच्या नादात गाणाऱ्याचा श्वासही त्यांनी काढून टाकला होता. दोन ओळींच्या मध्ये माणूस दम घेतो तेवढी जागा अगदी कोरी, आणि तांबोरीनच्या झांजांचा झणत्कार कानाला टोचणारा. अतिपॉलिशचा तांदूळ दिसायला पांढराशुभ्र आणि खायला चोथा, तसं ते होतं. जपानमधली सगळ्यात स्वच्छ. ऑर्गन कुठं बसला आहे, मागं गाणाऱ्या बायका कुठं उभ्या आहेत, सगळं बोटानं दाखवता यावं. पण दवाखान्यातल्या खोलीसारखी शांतता, तिथं कुणी जोरात रडणार नाही.

चौथी, मित्रानं परत दिलेली. ती तिन्हींपेक्षा चांगली होती. तिच्यात श्वास होता, कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज होता, मागच्या बाया किंचित उशिरा येत होत्या आणि ते उशिरा येणंच गोड होतं. सरळ मनाच्या माणसानं यावरून काय ते ओळखलं असतं. मी उलटं ओळखलं. म्हटलं, पठ्ठ्यानं अदलाबदल करायला एखादा चौथाच, फार भारी रीइश्यू शोधला दिसतो.

एकेक रेकॉर्ड मी आईलाही ऐकवत होतो. ती शहाण्या मुलासारखी खुर्चीत येऊन बसायची, मान तिरपी करायची आणि थोड्या वेळानं म्हणायची की ह्योही नाई. सगळेच घाई करत होते. एवढ्या काळात तिचं ऐकणं आणखी उतरलं. मी काही विचारलं की ती हसून हो म्हणायला लागली होती, आणि प्रश्न काय होता ते तिला कळलेलं नसायचं. पावना सापडेपर्यंत तिचे कान राहणार नाहीत, आणि याला कारण एकच माणूस आहे, असं मी धरून चाललो होतो.

शेवटी मी चंद्रपूरला गेलो. मित्रानं चहा ठेवला. मी आडून आडून सुरुवात केली. धुताना रेकॉर्डची अदलाबदल होऊ शकते का, तुझ्याकडे आणखी कुणाच्या रेकॉर्ड येतात का. तो भूगोलाचा मास्तर, त्याला दिशा लगेच कळली. त्यानं कप खाली ठेवला, मोबाईल काढला आणि एक फोटो माझ्यापुढं धरला. तबकडीच्या लेबलभोवती जी कोरी पट्टी असते, तिथं छापताना हातानं कोरलेले आकडे असतात. त्या आकड्यांचा फोटो होता. ज्या दिवशी मी रेकॉर्ड नेली त्याच दिवशी त्याच्या टेबलावर काढलेला, आणि कोपऱ्यात कव्हर धरलेला माझाच अंगठा.

“तू कधी ना कधी हे इचारशील, हे मले त्याच दिवशी माहीत होतं,” तो म्हणाला.

मी पिशवीतून रेकॉर्ड काढली. आकडे तेच होते, खोडून पुन्हा कोरलेल्या एका आकड्यासकट. तिथंच थांबायला हवं होतं. पण माझा डोळा फोटोवर तारीख दिसते का ते शोधायला गेला, आणि तो डोळा त्यानं बघितला. त्यानं मोबाईल खिशात टाकला.

“तू आता घरी जा,” तो म्हणाला.

इतक्या वर्षांत तो मला असं कधी म्हणाला नव्हता. चहा तसाच राहिला. मूलच्या एसटीत खिडकीशी बसलो, बाहेर जंगल मागं जात होतं, आणि मला भयंकर राग येत होता. कुणाचा ते ठरवता येत नव्हतं. तबकडी आमचीच होती. मग गाणारा कुठं गेला?

त्यानंतर आम्ही फोन केला नाही, ना त्यानं ना मी. रविवार आले की मी मिलमध्ये काहीतरी काम काढून बसायचो. आईनं गाण्याचं विचारणं सोडून दिलं होतं.

थंडीचे दिवस आले. एका सकाळी टीव्हीचा रिमोट चालेना. बायको नवे सेल आणायला सांगत होती, तेवढ्यात आईनं रिमोटचं झाकण काढलं, सेल काढले आणि अंगणातल्या भिंतीवर उन्हात नेऊन ठेवले. यात नवल काहीच नव्हतं. ती हे कायम करते. उन्हात तापले की सेल आणखी थोडे दिवस निघतात, आणि बायको यावर कायम चिडते. पण त्या दिवशी मी ते दोन सेल बघत तसाच उभा राहिलो. मग आईजवळ गेलो आणि तिच्या कानाशी मोठ्यानं विचारलं की पावन्याच्या पेटीला सेल कुठून आणायचे.

तिला एकदा सांगून कळलं. पुष्कळ दिवसांनी काहीतरी आवडीचं विचारल्यासारखी ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“पेटीले नवे सेल कोन आनते बाबू? नवे सेल बॅटरीले. उजेड गेला का मंग ते गान्याले.”

टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात. धान पिकायला आलं की वस्तीतले बाप्ये रानडुकरं हाकायला बांधीवर जायचे. हातात काठी आणि बॅटरी. जंगलाला लागून जमीन, समोर डुक्कर आहे की वाघ आहे ते त्या उजेडातच कळणार. त्यामुळं नव्या सेलवर पहिला हक्क बॅटरीचा. तिचा उजेड पिवळा पडला की ते सेल उतरवायचे, आई ते छपराच्या कवेलूंवर उन्हात वाळत घालायची, आणि मग ते पेटीत जायचे. आमच्या एका बॅटरीचे पुरत नसत, म्हणून घराघरातून मेलेले सेल यायचे. ज्याच्या घरचे सेल, त्यानं सांगितलेलं गाणं आधी. मला एवढंच आठवत होतं की लोक येताना मुठीत काहीतरी आणत. लहान होतो, मला वाटायचं पावन्याला देतात.

“सेल बसले का त्याचा आवाज असा खाली खाली जाये,” आई म्हणाली, आणि तिनं हात हळूहळू खाली नेला. “मंग तुझे बाबा बोटानं फिरवत. गानं अर्धं सोडू नये म्हनत.”

मी तिथंच पायरीवर बसलो. बसक्या सेलवर पेटीची मोटर हळू फिरायची, तबकडी हळू फिरायची, आणि हळू फिरली की आवाज जड होतो, खोल होतो. तो माणूस स्टुडिओत कधी तसा गायलाच नव्हता. बॅटरीनं उजेडासाठी वापरून टाकलेल्या सेलांत जेवढा जीव उरत होता, तेवढ्यावर तो आमच्या अंगणात गात होता. अमेरिकेतला बरोबर होता, जपानमधला बरोबर होता, मित्रानं दिलेला तर अस्सलच होता. मी सगळी पोती तपासली आणि काटा तपासला नाही. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. आईला वाटलं सेलांवरून बायको काही बोलली, ती तिला समजवायला आत गेली.

माझ्या प्लेयरला वेग कमीजास्त करता येत नाही. मित्राच्या प्लेयरला त्यासाठी एक सरकपट्टी आहे. म्हणजे पावना परत आणायचा तर त्याच दारात जाणं आलं. फोन केला. त्यानं उचलला. मी म्हटलं, आईला घेऊन येऊ का. तो म्हणाला, आण.

दारातच मी त्याची माफी मागितली आणि सेलांची सगळी हकीकत सांगितली. त्यानं ती पूर्ण ऐकून घेतली. मग विचारलं, फोटोची तारीख सापडली का. एवढं बोलून त्यानं आईला हात धरून आत नेलं, आणि स्पीकर उचलून तिच्या खुर्चीला टेकवला.

त्यानं आमची रेकॉर्ड दोन तळव्यांमध्ये धरून प्लेयरवर ठेवली आणि सरकपट्टी अगदी तळापर्यंत ओढली. गाणं सुरू झालं. आवाज उतरला, पण थोडाच. आईनं मान तिरपी केली.

“थोडा थोडा हाय,” ती म्हणाली. “अजून घाई हाय त्याले.”

मित्रानं बसल्या जागी हात पसरले. पट्टी यापेक्षा खाली जात नव्हती. आई खुर्चीतून उठली, प्लेयरजवळ गेली, थोडा वेळ त्या फिरणाऱ्या तबकडीकडे बघत राहिली. मग तिनं उजवा हात पुढं केला, तर्जनी बाहेर काढून. तिचं बोट माझ्या डोळ्यांपुढं आहे. वर्षानुवर्षं चिखलात धानाची रोवणी करून नखापाशी उललेलं, ते कधी मऊ झालंच नाही. मला मित्र माहीत होता. त्याचा हात उचलला गेला, नेहमी जातो तसाच, मध्ये यायला. मी तिला मागं ओढणार होतो.

त्याचा हात अर्ध्यावर थांबला. मग त्यानं तो खाली घेतला आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला.

आईनं तबकडीच्या कडेवर बोट टेकवलं. तबकडी रेंगाळली. गाणाऱ्याचा आवाज जरा डगमगला, खाली गेला, आणखी खाली गेला, आणि मग पोटातून आला. जड, सावकाश, शब्दामागं शब्द न पळवता. आईनं डोळे मिटले.

“आला,” ती म्हणाली.

गाणं वेडंवाकडं चाललं होतं. बोट घट्ट झालं की आवाज बुडायचा, सैल झालं की वर यायचा. इतकी वर्षं आम्ही दोघांनी ज्याला ज्याला नावं ठेवली, ते सगळं त्यात होतं. मित्र खाली बघत बसला होता आणि मधूनच चष्मा पुसत होता. आणि मला, माझ्या सवयीला जागून, तिथंही संशय आलाच. तिला खरंच ऐकू येत होतं का? की बोटाखाली थरथर लागत होती आणि बाकीचं तिला आठवत होतं? की दोन म्हातारे पोट्टे तोंड पाडून बसले आहेत म्हणून तिनं नुसतं म्हटलं? तपासणं अगदी सोपं होतं. तिच्या मागं उभं राहून हळूच काहीतरी विचारायचं, एवढंच.

मी विचारलं नाही. गाणं संपलं, सुई कोऱ्या खाचेत फिरत राहिली. आईचं बोट अजून कडेवरच होतं, आणि सुई उचलायला मित्र काही उठला नाही.